अटी मान्य

सासूबाईंनी थेट आपल्यालाच फोन केला, यावरूनच जावयाला संकटाची कल्पना यायला हवी होती. एरवी त्या लेकीशी तासभर बोलत आणि जावयाची चौकशी फोन ठेवता ठेवता उरकत. आज मात्र त्यांनी त्यालाच गाठलं होतं, आणि आवाज इतका खाली आणला होता की स्वतःच्याच घरात लपून बसल्या आहेत असं वाटावं.

“जावईबापू, रविवारी येऊन जा ना. ह्यांना मोबाईलचं अॅप बनवायचंय.”

“कुणाला? बाबांना?”

“हो. पुस्तकसुद्धा आणलंय. आधी कॉम्प्युटरवर काहीतरी बसवावं लागतं म्हणे, ते काही केल्या बसत नाहीये. तुम्ही कॉम्प्युटरच्या कंपनीत आहात, तुमच्या डाव्या हातचा मळ. काहीही करा, पण ते बसवून द्या आणि ह्यांना त्या खुर्चीत बसवा. माझ्या ओट्यापाशी नकोत मला ते!”

सासूबाईंचा सूर रडवेला झाला होता आणि त्याला कारणही तसंच होतं. सासरे वजनकाट्यांचे सरकारी निरीक्षक होते. उभं आयुष्य त्यांनी दुकानदारांच्या मापांवर संशय घेण्यात घालवलं आणि निवृत्त झाल्यावर तपासायला दुकानं उरली नाहीत, म्हणून मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला. कुठला चमचा किती भरतो याच्या चिठ्ठ्या चमच्यांनाच चिकटवल्या. घरातली वाटी हे मापच होऊ शकत नाही असा निकाल दिला. सासूबाईंची कढई तापलेली असताना ते शेजारी उभे राहून विचारत, “चिमूटभर म्हणजे नक्की किती?” परवा त्यांनी सासूबाईंची चिमूट तीन वेळा वजन करून पाहिली होती आणि तिन्ही वेळा ती वेगळी भरली होती. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

जावयाचं दुखणं वेगळंच होतं. त्याची कंपनी कॉम्प्युटरची होती हे खरं, पण तो तिथे खुर्च्या आणि पंखे विकत घ्यायच्या विभागात होता. लग्न ठरताना कंपनीचं नाव सांगितलं गेलं, विभागाचं कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायला तो काही वेडा नव्हता. पुढे एकदा सासऱ्यांचा प्रिंटर त्यानं बंद करून सुरू केला आणि तो चालला. सासरवाडीत त्याचं नाव झालं. सासरे तेवढे म्हणाले होते, “चालला ते दिसलं. का चालला ते तुम्ही सांगितलं नाहीत.” इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून जावयानं स्वतःबद्दल ऐकलेलं सगळ्यात चांगलं वाक्य हेच होतं. आणखी एक चांगलं वाक्य ऐकायची त्याला फार इच्छा होती.

रविवारी सकाळी तो पोचला तेव्हा सासरे इस्त्रीच्या शर्टात कॉम्प्युटरसमोर बसले होते. दुसरी खुर्ची जावयासाठी मांडलेली होती, थोडी मागे, हाताखालच्या माणसाची असते तशी.

“कसलं अॅप करताय, बाबा?”

“चालल्यावर सांगेन. तूर्त गोपनीय आहे.”

जावयानं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर ‘अगदी सोपे आहे’ असं लिहिलं होतं, ते वाचून त्यानं ते पान घाईनं उलटलं. त्यानं पुस्तकात दाखवलेली फाईल उतरवून घेतली, सुरू केली, आणि पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरांचं एक लांबच लांब पान आलं. खाली ‘अटी मान्य आहेत’ असं बटण होतं. जावयानं माऊस तिकडे नेला आणि सासऱ्यांनी त्याचं मनगट धरलं.

“वाचलंत?”

“बाबा, हे कुणीच वाचत नाही.”

“म्हणूनच लोक फसतात. सरका.”

सासऱ्यांनी चष्मा पुसला, शब्दकोश जवळ ओढला आणि अटी वाचायला घेतल्या. अधूनमधून ते थांबत आणि “हे बघा, जबाबदारी घेत नाही म्हणतायत” असं म्हणून जावयाकडे असं पाहत, जणू या अटी त्यानंच लिहिल्या असाव्यात. सासूबाई चहा देऊन गेल्या, कप घेऊन गेल्या, पुन्हा चहा देऊन गेल्या. शेवटच्या अटीवर बोट टेकवून सासरे म्हणाले, “दाबा आता.” जावयानं बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं: बराच वेळ काही हालचाल नसल्यामुळे काम रद्द केले आहे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.

जावयानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तेच पान आलं.

“बाबा, हे तर आपण आत्ताच...”

“मधल्या वेळात बदललं असेल तर?”

या वेळी सासरे वाचत असताना जावई माऊस हळूच हलवत राहिला. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, या समजाला शोभेल असं सबंध दिवसातलं त्याचं काम काय ते एवढंच. एकदाच्या अटी मान्य झाल्या आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी भरायला लागली. जावयानं सुटकेचा निःश्वास टाकला. सासऱ्यांनी टेबलाच्या खणातून फूटपट्टी काढून पडद्याला लावली.

“ही अर्ध्याच्या जेमतेम पुढे आहे, आणि आकडा म्हणतोय नव्वद टक्के. दिसतंय का तुम्हाला?”

“ते अंदाजे असतं हो, बाबा.”

“अंदाजे!” सासऱ्यांनी एकवार स्वयंपाकघराकडे पाहिलं. “दुकानदारानं असं केलं असतं ना, तर काटा जप्त केला असता मी.”

पट्टी आपल्यावर कारवाई होणार हे कळल्यासारखी तिथेच थांबली. मग ती नाहीशी झाली आणि जागी एक लाल चौकट आली. ‘मार्ग सापडत नाही,’ असं तीत लिहिलं होतं. कुठला मार्ग, कुणाला, कुठे जायला, हे लिहिलं नव्हतं. जावयाच्या मनातली गोष्टच कुणीतरी छापली होती.

“आता?” सासऱ्यांनी विचारलं.

“आता बघतो,” जावई म्हणाला. यापुढे बराच वेळ तो एवढंच म्हणत राहिला. त्यानं ते काढून पुन्हा टाकलं. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. प्रिंटरही बंद करून सुरू केला, न जाणो. मग आपल्या फोनवर ती लाल चौकटीतली ओळ टाकून शोधली आणि त्याचं काळीज हललं. जगात आणखी एक माणूस याच ओळीपाशी अडकला होता. त्यानं कळवळून प्रश्न विचारला होता, आणि खाली त्यानंच लिहिलं होतं, ‘सापडले उत्तर! सर्वांचे मनापासून आभार.’ उत्तर काय ते त्या मेल्यानं लिहिलं नव्हतं. जावयाला इतकं एकटं लग्नाच्या बोलण्यांच्या वेळीही वाटलं नव्हतं.

तो पाणी प्यायला आत गेला तर सासूबाई दारातच उभ्या होत्या.

“बसलं?”

“बसतंय, आई.”

“जावईबापू, ते एकदा उठून इकडे आले ना, की मला हे स्वयंपाकघर परत मिळायचं नाही. आज किती महिन्यांनी मी मीठ हातानं टाकलंय!” बोलता बोलता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. जावयानं पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

तो न्हाणीघरात गेला, कडी लावली, आवाज झाकायला नळ सोडला आणि ऑफिसातल्या एका खऱ्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. या माणसाला त्यानं मागे कधीतरी चांगल्या पाठीची खुर्ची मिळवून दिली होती.

“फोल्डरचं नाव काय आहे?” त्यानं सगळं ऐकून विचारलं.

“कुठल्या फोल्डरचं?”

“अरे, कॉम्प्युटर सुरू होताना जे नाव येतं ना, त्याच नावाचं फोल्डर असतं आत. त्या प्रोग्रॅमला साधं इंग्रजी नाव लागतं, मध्ये जागा न सोडलेलं. आणि तू नळ बंद कर, मला काही ऐकू येत नाहीये.”

बाहेर येऊन जावयानं कॉम्प्युटर सुरू होताना नीट पाहिलं. पडद्यावर ठसठशीत मराठीत नाव आलं: ‘निरीक्षक (निवृत्त), वर्ग एक’.

“बाबा, हे नाव बदलायला लागेल. नवीन खातं उघडू. साधं काहीतरी, इंग्रजीत.”

सासऱ्यांनी पडद्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. “म्हणजे हुद्दा काढायचा?”

“इथल्यापुरताच, हो.”

“निवृत्त काढलंत तर चालेल मला,” सासरे हळूच म्हणाले. “वर्ग एक तेवढं राहू द्या.”

या माणसाचं इतके दिवस काय बिनसलं होतं ते जावयाला त्या क्षणी कळलं आणि त्याला सासऱ्यांची फार दया आली. “आकडा चालतो, बाबा. पण शेवटी लावावा लागेल,” तो म्हणाला. अशा रीतीनं इंग्रजी अक्षरांत ‘बाबा’ आणि पुढे चिकटून एक, असं खातं उघडलं गेलं. मग पुन्हा फाईल, पुन्हा अटी, पुन्हा शब्दकोश. जेवणाची वेळ उलटून गेली. या वेळी हिरवी पट्टी शेवटपर्यंत भरली आणि लाल चौकट आली नाही. दोघांनीही बराच वेळ श्वास रोखून तिची वाट पाहिली.

आता पडद्यावरच एक फोन उभा राहणार होता, त्यात अॅप चालवून बघायचं होतं. तो उभा राहिला, पण बाकीचं सगळं बसलं. पंखा घरघरायला लागला, टेबल तापलं, माऊस जागच्या जागी थिजला.

“खरा फोन असताना फोनचं चित्र कशाला?” सासऱ्यांनी विचारलं. दिवसभरात पहिल्यांदाच जावयाला त्यांचं पटलं. पण सासऱ्यांचा फोन इतका जुना होता की प्रोग्रॅमनं त्याला ओळखच दाखवली नाही.

“माझा घ्या की!” सासूबाई पदराला हात पुसत धावत आल्या. “नवाकोरा आहे. ठेवून घ्या चार दिवस. महिनाभर ठेवा.”

सासूबाईंचा फोन वायरनं जोडला. फोनच्या माहितीच्या पानावर जाऊन एका ओळीवर बोट आपटत राहायचं होतं, तसं जावयानं आपटलं, आणि फोननं जाहीर केलं की आता तुम्ही डेव्हलपर झालात. एवढ्याशा टकटकीवर एवढा हुद्दा दिलेला सासऱ्यांना आवडला नाही. पुस्तकातून पाहून त्यांनी दोन ओळी स्वतः टाईप केल्या, जावयाला बघू न देता. मग अॅप चालवायचा हिरवा बाण दाबला.

सासूबाईंच्या फोनचा पडदा उजळला.

सासऱ्यांनी खुर्ची मागे सरकवली, उभे राहिले आणि जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. “मानलं तुम्हाला,” ते म्हणाले. “अहो, अख्ख्या नोकरीत हे मी कुणालाच म्हटलेलं नाही.” जावयाचे डोळे भरून आले. सकाळपासूनची वणवण, न्हाणीघरातला नळ, सगळं सार्थकी लागलं असं त्याला वाटलं. तो हसत हसत सासूबाईंकडे वळला.

सासूबाई फोन हातात धरून उभ्या होत्या. पडद्यावर वर लिहिलं होतं, ‘स्वयंपाकघर तपासणी’. खाली लिहिलं होतं, ‘आज मीठ किती ग्रॅम टाकले?’

“ही सुरुवात आहे,” सासरे उत्साहानं म्हणाले. “पुढे तेल, साखर, गॅस. तू नुसतं भरत जायचंस. रोज संध्याकाळी अहवाल माझ्याकडे येईल. मला तिथे उभं राहायलाच नको!”

सासूबाईंनी फोनची वायर काढली. फोन तसाच घेऊन त्या आत गेल्या आणि थोड्या वेळानं आतून शांत हाक आली, “जावईबापू, जरा डबा काढून द्या वरचा.”

वरचा डबा खालीच होता. सासूबाईंनी दार लोटलं.

“हे परत बिघडवता येतं का?”

जावयानं त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर सासरे लेकीला फोन लावून आनंदानं सांगत होते, “अगं, तुझा नवरा हुशार आहे हं!” हे वाक्य त्यानं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आज सकाळपासून त्याला कॉम्प्युटरबद्दल किती प्रश्न विचारले गेले होते, त्यांतल्या या एकाचंच उत्तर त्याला खात्रीनं येत होतं.

“येतं की, आई,” तो म्हणाला.

त्यानं सासूबाईंच्या फोनवरून ते अॅप पुसलं आणि बाहेर येऊन खुर्चीत बसला. पडद्याच्या कोपऱ्यात मघापासून ‘नवी आवृत्ती आली आहे’ अशी सूचना लुकलुकत होती. “बाबा, हे एक अपडेट करून घेऊ. चांगलं असतं,” असं म्हणून त्यानं ते दाबलं. काही वेळानं सासऱ्यांनी हिरवा बाण दाबला तर लाल चौकट आली. पुन्हा दाबला तर दोन आल्या.

“हे काय केलंत?”

“काही कळत नाही हो, बाबा,” जावई म्हणाला, आणि हे वाक्य शंभर टक्के खरं होतं.

“खांद्यावर हात ठेवायची घाई झाली माझी,” सासरे पुटपुटले. त्यांनी चष्मा लावला, शब्दकोश उघडला आणि नव्या आवृत्तीच्या नव्या अटी वाचायला घेतल्या. त्या पहिल्यापेक्षा बऱ्याच लांब होत्या. निघताना जावयानं वाकून नमस्कार केला तर त्यांनी वर पाहिलंही नाही.

संध्याकाळी घरी तो बूट काढत होता, तेवढ्यात बायको समोर येऊन उभी राहिली.

“काय करून आलास तिकडे? बाबांचा फोन आला होता. म्हणाले, तुझ्या नवऱ्याला कॉम्प्युटरमधलं काहीएक कळत नाही. आणि त्यांच्या हातातून फोन घेऊन आई म्हणाली, असा जाणकार माणूस मी जन्मात पाहिला नाही, दर रविवारी पाठवत जा. यातलं खरं काय?”

जावयानं दुसरा बूट काढला आणि भिंतीला टेकून बसला.

“दोन्ही,” तो म्हणाला.