घड्याळ बंद असल्याचा दाखला

चाकणच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं राबून कोंडीराम ओव्हाळ यांनी एकही लेट मार्क घेतला नाही, ही बाब व्यवस्थापनाच्या लक्षात ते निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात आली. परदेशातल्या मुख्य कचेरीनं कंपनीच्या शंभरीनिमित्त सोन्याची चाळीस घड्याळं घडवली होती. पातळ, देखणी, काळ्या पट्ट्याची. त्यातलं एक चाकणच्या वाट्याला आलं, आणि ज्याला उद्यापासून वेळेशी काडीचं देणंघेणं उरणार नव्हतं, त्या माणसाला ते समारंभपूर्वक देण्यात आलं.

कोंडीरामांनी स्टेजवरच ते मनगटावर चढवलं. "नातीच्या लग्नात हेच घालणार," त्यांनी माइकवरून सांगितलं, "आन् लग्न ह्याच्यात बघून, बरोब्बर सव्वाबाराला लावणार!" मग जेवताना आमटी सांडायला नको म्हणून घड्याळ पुन्हा पेटीत ठेवलं.

त्यांचा मुलगा बुद्धरत्न हिंजवडीत नोकरीला, म्हणजे कागद वाचणारा माणूस. पेटीतल्या पत्रकात लिहिलं होतं, ‘निवडक संग्राहकांसाठी सादर.’ त्यानं ताबडतोब आबांचं नाव घड्याळ कंपनीच्या संग्राहक मंडळात नोंदवलं. एकूण संग्रह : नग एक.

मंडळाचा फॉर्म आला. रकाना नऊ : मनगटाशी झालेला एकूण संपर्क. कोंडीरामांनी प्रामाणिकपणे लिहिलं, अकरा मिनिटं. घड्याळाची प्रतवारी ‘अस्पर्श’वरून ‘किंचित स्पर्शित’वर घसरली.

"आबा, अकरा मिनिटांनी घात केला हो!" बुद्धरत्न दोन दिवस नीट जेवला नाही.

पुढचं पत्र आलं : ‘चावी दिल्यास घड्याळ चालेल व चालल्यास ते झिजेल, सबब चावी देऊ नये.’ मग पेटीला सील लागलं. मग नियम निघाला की दर नोव्हेंबरात तपासनीस घरी येऊन घड्याळ बंद असल्याची खात्री करतील आणि मालकानं जातीनं हजर राहावं. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा महिना. म्हातारा चालू असल्याचा दाखला बँकेला आणि घड्याळ बंद असल्याचा दाखला मंडळाला, अशी कोंडीरामांची दुहेरी धावपळ सुरू झाली.

नात मिनलचं लग्न ठरलं तेही नोव्हेंबरातच. आणि तपासणीची तारीख नेमकी तीच!

"आग लागो त्या मंडळाला," केसरबाई नवऱ्यावर कडाडल्या. "अवो, नात मोठी का डबडं?"

"दहाची वेळ दिलीय त्यांनी," कोंडीराम म्हणाले. "अकराला मी मोकळा. रावेतचा हॉल हाय किती लांब?"

दिलेल्या वेळेला माणूस येतो, हा त्यांचा एकतीस वर्षांचा समज होता.

तपासनीस उगवले बारा वाजून दहा मिनिटांनी. "मोशीला ट्रॅफिक हो काका," एवढं बोलून त्यांनी सील काढलं, कानाला नळ्या लावल्या आणि घड्याळाच्या छातीवर अर्धा तास काहीही ऐकलं नाही. "ठार बंद आहे. अभिनंदन!" नवं सील ठोकून त्यांनी दाखला दिला.

पेटी काखोटीला मारून कोंडीराम हॉलवर पोचले तेव्हा पंगत बसली होती. लग्न सव्वाबाराला लागलं होतं, कुणाच्या तरी मोबाइलमध्ये बघून.

"आबा, तुम्ही? उशिरा?" एवढंच मिनल म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

आयुष्यातला पहिला लेट मार्क, आणि तोही घरच्या कार्यात. कोंडीराम तिथंच खुर्चीवर बसून लहान पोरासारखे रडले.

केसरबाईंनी पेटी त्यांच्यापुढे आदळली. "फोडा ते सील. फोटूला तरी घाला!"

कोंडीरामांनी सीलला नख लावलं. बुद्धरत्ननं धावत येऊन त्यांचा हात धरला. "आबा, दाखला आत्ताच मिळालाय!"

नियम मोडायची सवयच नव्हती हो त्या हाताला. तो मागे आला. फोटोत सगळं घर हसतंय, आणि मधे उभ्या कोंडीरामांच्या छातीशी सीलबंद पेटी आहे.

हसलात? हसा की. फक्त आधी तुमच्या शोकेसमधला तो सोनेरी काठाचा चहाचा सेट खाली काढा आणि त्यातून शेवटचा चहा कोण, कधी प्यायलं ते सांगा. आठवत नसेल तर काळजी नको. ‘अस्पर्श’चा दाखला घरपोच मिळेल.