केसांची गोळी, पोटाचं ऑपरेशन

आयाळशेठ पेशाने न्हावी, आणि त्यांच्या डोक्यावरचं रान म्हणजे दुकानाची जिवंत पाटी! नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं. साठी जवळ आली तरी कंगवा आत गेला की बाहेर यायची वाट विसरायचा.

"औषध? छे! नुसतं चोळणं!" शेठ छाती फुगवून सांगत, आणि टकली गिऱ्हाइकं दर रविवारी चोळून घ्यायला हजर.

रोज सकाळी कपाटाच्या दाराआड शेठ एक गोळी गिळतात, हे बायकोलाही ठाऊक नव्हतं.

मग हर्निया निघाला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणारे डॉक्टर तपासायला आले, आणि शेठनी चादर हनुवटीपर्यंत ओढली. हे तर आपलंच रविवारचं गिऱ्हाईक! डोकं तुळतुळीत, पण श्रद्धा अढळ.

"काय शेठ, रोजचं औषध कुठलं चालू आहे?"

"काही नाही, डॉक्टरसाहेब."

"हे कसलं औषध घेतायत!" बायको कौतुकाने म्हणाली. "सर्दीची गोळी दिली तरी नाक मुरडतात."

डॉक्टर गेले. शेजारच्या खाटेवरचे आजोबा कुशीवर वळले. "आमच्या मेव्हण्याने डॉक्टरांपासून एक गोळी लपवली होती."

"मग?"

"मग काय! टेबलावर रक्तदाब असा खाली गेला, जणू दोर तुटलेला पोहरा! अख्खं हॉस्पिटल धावलं."

"वाचले ना?"

"वाचला. पण तेव्हापासून दारावरची घंटा वाजली तरी दचकतो."

शेठ छताकडे बघत हिशेब मांडू लागले. सांगावं तर दुकान बुडतं, न सांगावं तर आपणच! रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी पेंगुळलेल्या हाताने उशीखालून सवयीने गोळी काढली, गिळली, आणि मग शेठ खाडकन जागे झाले. अरे देवा!

"सिस्टर, जरा खाजगी..."

"बाथरूम डावीकडे, आजोबा."

आजोबा! तोही घाव सोसून त्यांनी सर्जनना गाठलं. "साहेब, मला एक सांगायचंय..."

"घाबरू नका हो! आमचं रोजचंच काम आहे." आणि सर्जन गेलेसुद्धा.

शेवटी टेबलावर भुलीचे डॉक्टर वाकले, तेव्हा शेठनी त्यांचं मनगटच धरलं. "थांबा! मी गोळी घेतो! केसांची! कित्येक वर्षं! आज सकाळीही घेतली!"

डॉक्टरांनी हातातला मास्क बाजूला ठेवला.

"कुठली?"

शेठनी नाव सांगितलं.

"त्या गोळीने रक्तदाब उतरतो. हे मला कालच कळायला हवं होतं!" डॉक्टरांनी पुन्हा रक्तदाब मोजला, सर्जनशी बोलले, नवी औषधं मागवली. "आता ते धरूनच भूल देतो." मग एकदम थांबले. "म्हणजे इतकी वर्षं मला नुसतंच चोळलंत?"

शेठ उत्तर देणार होते, पण तोंडावर मास्क आला होता!

जाग आली तेव्हा शेठनी पोटाआधी डोकं चाचपलं. होते! पायथ्याशी डॉक्टर उभे, शेजारी बायको.

"ती गोळी तूर्त बंद. मी सांगेन तेव्हाच सुरू करायची."

"कधी सांगाल, साहेब?"

"माझे उगवले की."

डॉक्टर हसत होते की नाही, मास्कमुळे कळेना. बायको मात्र हसत नव्हती. तिच्या तोंडावर मास्क नव्हता.