साहेबांची शिल्लक

अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याने तो कोणाच्या अंगावर पडतो आहे हे पाहावे, अशी शास्त्राची अपेक्षा आहे. कार्यालयीन नियमावलीत तशी तरतूद नाही.

कार्यक्षमतावृद्धीसाठी आमच्या विभागातील सर्व माउस सन्मानपूर्वक कपाटबंद करण्यात आले. यापुढे सारे काही कळफलकावरूनच करावयाचे होते. शुभारंभ स्वतः विभागप्रमुखांनी रजेच्या तक्त्यापासून केला. टंकलेखिकाबाईंच्या शिल्लक रजेचे सूत्र लिहिताना, वजाबाकीचे चिन्ह उमटल्यावर, सूत्राच्याच वरच्या ओळीतला एक अंक चुकल्याचे त्यांच्या ध्यानी आले. तिथे जाण्यासाठी त्यांनी वरचा बाण दाबला. अशा वेळी आधी दुरुस्तीची कळ दाबावी लागते. न दाबल्यास बाण सूत्रात फिरत नाही, तक्त्यातल्या शेजारच्या चौकटीचा पत्ता उचलून आणतो. वरच्या चौकटीत साहेबांची स्वतःची शिल्लक होती. ती बाईंच्या रजेतून वजा झाली.

"साहेब, लेकीचे दिवस भरलेत. आठवडाभर तरी सोडा."

"बाई, तुमची रजा उणे दिसते."

"अहो, वर्षभर खुर्चीतून हलले नाही मी! उणे कशी?"

लेखनिक हळूच म्हणाला, "साहेब, बाण चुकलाय. बाईंच्या रजेतून तुमची शिल्लक वजा होतेय."

"यंत्राने आपणहून सुचवलेला पत्ता खोडणारे आपण कोण?"

"मग साहेब, तुम्ही तरी रजा घ्या!" बाई काकुळतीला आल्या. "तुमची कमी झाली की माझी वाढेल."

"मी गेलो तर हे कार्यालय चालवणार कोण?" असे म्हणून साहेबांनी दुपारची उशी मानेखाली सारली.

साहेबांनी रजा घेतली नाही. नव्या वर्षाची रजा त्यांच्या खाती जमा होताच बाई आणखी खोल गेल्या. उणे रजा हे कार्यालयाचे येणे असल्याने त्यांना रविवारीही हजर राहण्याचा आदेश निघाला. अशाच एका रविवारी, कधीही रजा न घेतल्याबद्दल साहेबांना द्यावयाचे प्रशस्तिपत्र बाई टंकित करीत असताना, जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती. बाईंनी डोळे पुसले आणि 'कर्तव्यनिष्ठ' हा शब्द पूर्ण केला.

समारंभात टाळ्यांचा कडकडाट झाला. कधीही रजा न घेणाऱ्याचे कौतुक आपण सारेच करतो. वाचकहो, तुम्हीही केले असेल; त्याच्या खालच्या ओळीत कोण आहे, हे मात्र विचारले नसेल.

त्या बालिकेला आयुरारोग्य लाभो, आजीची मांडी लवकर लाभो. आणि टाळ्या वाजवून शिणलेल्या तुमच्या हातांनाही आराम पडो.