खारीच्या घरचं समेटाचं जेवण

एका जंगलात, मुलांनो, न्याय फार झटपट मिळायचा. मागे कोण खिदळतंय? ऐका नीट.

तिथे सिंहाचा दरबार होता. सिंह दोन्ही बाजू ऐकायचा आणि ज्याच्या अंगावर मांस जास्त, त्याला दोषी ठरवून खाऊन टाकायचा. मग तो चोर असो की फिर्यादी. प्रजा अगदी कंटाळून गेली होती.

तेव्हा अस्वलअण्णांनी समेट मंडळ काढलं. अण्णा म्हणजे मोठे सज्जन. कुणाचं काहीही झालं की त्यांना लगेच गहिवरून यायचं.

"शिक्षेनं कुणी सुधारत नाही," अण्णा म्हणाले. "चुकणाऱ्याला जवळ घ्या. ज्याचं नुकसान झालं त्यानं त्याला घरी बोलवावं, पोटभर जेवू घालावं. मंडळही पंगतीला बसेल. वाद मिटला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अजून कुणाचं नुकसान झालं नव्हतं ना!

पहिलंच प्रकरण आलं बकुळा खारीचं. तिनं उन्हाळाभर राबून ढोलीत चारोळ्या साठवल्या होत्या. पिल्लांची पावसाळ्याची बेगमी होती ती. गुंड्या नावाच्या वानराच्या पोरानं त्यातल्या अर्ध्या फस्त केल्या.

"लहान आहे गं तो," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "तू मोठ्या मनाची. कधी येऊ जेवायला?"

"अहो अण्णा, उरलंय तेवढंच आहे. माझी पिल्लं काय खातील?"

"बघा, अजून राग आहे हिच्या मनात!" अण्णा मंडळाला म्हणाले. मंडळानं माना डोलावल्या.

बिचारीनं पानं मांडली. मंडळानं आडवा हात मारला. गुंड्यानं ढेकर दिला, "चुकलो हं मावशी," म्हणाला आणि पुन्हा वाढून घेतलं. उठताना अण्णांनी ढोलीत वाकून पाहिलं, आणखी थोडा समेट शिल्लक आहे का म्हणून.

पाऊस लागला. पिल्लं भुकेनं कळवळू लागली. आईनं करावं तरी काय, सांगा! अण्णांच्या गुहेत वाळवलेल्या मोहफुलांची रास होती. अण्णा नदीवर गेले तशी बकुळा आत शिरली आणि ढोली भरेल इतकी फुलं घेऊन आली.

वाटेत सांडलेल्या फुलांचा माग काढत अण्णा बोंबलतच तिच्या झाडाखाली आले. "चोर! दरोडेखोर!"

"चुकलेच हो अण्णा," बकुळा म्हणाली. "पिल्लांना घेऊन कधी येऊ जेवायला?"

"जेवायला? तू काय लहान आहेस? गुन्हा आहे हा, गुन्हा!"

"अण्णा, जवळ घ्या तिला," बोंब ऐकून जमलेलं मंडळ म्हणालं. पंगतीच्या आशेनं त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

"अरे, माझी फुलं गेलीत, माझी!" अण्णा गरजले. "चल सिंहाकडे!"

दरबार भरला. सिंहानं दोन्ही बाजू ऐकल्या. मग त्यानं बकुळाकडे पाहिलं. मूठभर जीव तो. मग मोहफुलांवर पोसलेल्या अण्णांकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"निकाल सोपा आहे," सिंह म्हणाला.

बकुळा घरी आली आणि तिनं पिल्लांना जेवायला वाढलं.

तात्पर्य : क्षमेसारखं पुण्य नाही. ते नेहमी दुसऱ्याच्या साठ्यातून करावं. आपल्याच साठ्याला कुणी हात लावला, तर न्याय मागायला जाण्याआधी निदान थोडं बारीक व्हावं.