एक काना कमी

निराधार श्वान पुनर्वसन कार्यालयाच्या अकराव्या नियमानुसार कुत्र्याला घर मिळण्याआधी त्याला स्वभाव असावा लागतो. तो विहित नमुन्यात, एकाच शब्दात आणि सुवाच्य अक्षरात लिहून द्यावा लागतो. ज्याच्या स्वभावाला दोन शब्द लागतात, तो कुत्रा गुंतागुंतीचा समजला जातो आणि त्याची फाइल वेगळ्या कपाटात जाते. त्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ निवृत्त झाले आहेत.

टिंब्याची ही अडचण नव्हती. टिंब्या म्हणजे जेमतेम वीतभर उंचीचा, दीड कानाचा कुत्रा. उरलेला अर्धा कान रस्त्यावरच्या कुठल्याशा भांडणात कामी आला होता. केंद्राच्या पिंजऱ्यात तो भिंतीत तोंड खुपसून बसायचा आणि अन्नाला शिवायचा नाही, म्हणून त्याला तीन महिन्यांसाठी बाईंकडे सांभाळायला दिला होता. बाई निवृत्त मुद्रितशोधक. एकतीस वर्षं छापखान्यात बसून त्यांनी लोकांच्या चुका लाल पेन्सिलीने पकडल्या होत्या. बिस्किटाच्या पुड्यावर ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली तर त्या बिस्किटं खायच्या, पण नाराजीने.

चौथ्या दिवशी टिंब्याने बाईंच्या पावलावर हनुवटी टेकली. पंधरा दिवसांत त्याने पोस्टमन, दूधवाला आणि मीटर वाचायला येणारा खडूस माणूस, सगळ्यांना खिशात टाकलं. बाईंनी नमुना पुढे ओढला आणि स्वभावाच्या रकान्यात लिहिलं: लाघवी. इतका चपखल शब्द त्यांनी एकतीस वर्षांत एकाही लेखकाच्या हस्तलिखितात पाहिला नव्हता.

कार्यालयाने तो संगणकावर चढवला आणि टिंब्याच्या फोटोखाली जाहीर केला. स्वभाव: लघवी.

पहिला फोन आला तो एका गृहिणीचा. "फोटोत गोड दिसतो हो, पण आमच्याकडे गालिचा आहे." दुसऱ्यांनी नुकत्याच फरश्या बसवल्या होत्या. तिसरा फोन रोगनिदान प्रयोगशाळेचा होता. तिथल्या माणसाने अतिशय अदबीने विचारलं, की नमुना सकाळचा मिळेल का. तेव्हा कुठे बाईंना शंका आली आणि त्या तडक कार्यालयात गेल्या.

"इथे लाघवी हवंय," बाई कारकुनाला म्हणाल्या. "तुमच्याकडून काना राहिलाय."

कारकुनाने पडद्याकडे पाहिलं. "लघवी हा शब्द भाषेत नाही का?"

"आहे ना. पण..."

"शुद्धलेखन चुकलंय?"

"शुद्धलेखन बरोबर आहे."

"मग बाई, दुरुस्ती कशाची करू?"

बाईंनी सवयीने लाल पेन्सिल काढली आणि पडद्याकडे पाहून परत पिशवीत ठेवली. कारकून माणूस वाईट नव्हता. त्याने आपणहून सांगितलं, की लेखी अर्ज द्या, आठवड्यात निकाल लागेल. बाईंनी तिथेच बसून अर्ज लिहिला: 'टिंब्याच्या नोंदीत एक काना कमी आहे, तो वाढवून मिळावा.'

दरम्यान फोटो पाहून घड्याळजी बाईंच्या घरी आले. त्यांचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच टिंब्या त्यांच्या मांडीवर चढला आणि सदऱ्याच्या खिशातल्या घड्याळाला कान लावून बसला, तोही नेमका अर्धा. घड्याळजींनी हळूच घड्याळाला किल्ली दिली.

"ताई, दुकानात दिवसभर टिकटिक असते," ते म्हणाले, "पण बोलणारं कुणी नाही. हा बोलेलसं वाटतंय. त्याच्या लघवीबद्दल माझं काही म्हणणं नाही."

"लघवी नाही हो, लाघवी!"

"तेच ते. पुसून घेईन मी."

बाईंचा जीव भांड्यात पडला. कारण त्यांना स्वतःला टिंब्या ठेवून घेता येत नव्हता. मनात फार होतं, पण नियम सतरा आडवा आला होता: ज्या तात्पुरत्या पालकाला कुत्र्याचा लळा लागला आहे, तो निःपक्षपाती राहू शकत नाही, सबब अपात्र. ज्याला लळा लागला नाही, तो अर्ज करत नाही. या नियमामुळे कार्यालयात आजवर एकही वाद उद्भवलेला नव्हता. आता मुदत संपायला अकरा दिवस उरले होते, आणि घर मिळालं नाही तर टिंब्या पुन्हा पिंजऱ्यात जाणार होता.

आठवड्यात निकाल लागला नाही, पण कार्यवाही झाली. कारकुनाने बाईंच्या अर्जाचा सारांश वर पाठवला होता: 'विषय, श्वानास एक कान कमी असल्याबाबत व तो वाढवून मिळणेबाबत.' तपासणी करता अर्धा कान खरोखरच कमी भरल्याने तक्रार सत्य मानण्यात आली आणि टिंब्याला सरकारी डॉक्टरांपुढे उभं करण्यात आलं.

डॉक्टरांनी टिंब्याला उलटसुलट तपासलं आणि दाखला दिला: 'कान वाढवणे वैद्यकीयदृष्ट्या अशक्य. लघवी उत्तम व नियमित.'

"झालं!" कारकून खुशीत म्हणाला. "आता डॉक्टरांचाच दुजोरा मिळाला. कशी पक्की झाली नोंद!"

"अहो, नियमित म्हणजे कुत्र्याला होते तशी..."

"बाई, शंका घ्यायला जागाच ठेवली नाहीये त्यांनी."

नोंद पक्की झाल्यामुळे टिंब्याची वर्गवारी बदलली. तो 'ड, ओलसर' या वर्गात गेला. त्या वर्गातला कुत्रा फक्त कुरण, मळा किंवा तत्सम मोकळी जमीन असलेल्या अर्जदारालाच देता येतो. घड्याळजींकडे मोकळी जमीन म्हणजे दुकानाच्या पायरीसमोरची दोन फरश्यांएवढी जागा, आणि तिच्यावर शेजारचा चपलांचा दुकानदार हक्क सांगत होता.

मुदतीला दोन दिवस राहिले असताना घड्याळजी आपला अर्ज तपासून घ्यायला आले. त्यांचं अक्षर घड्याळाच्या स्क्रूएवढं, म्हणून बाईंनी तो स्वच्छ लिहून काढायचं कबूल केलं. 'राहण्याचे ठिकाण' या रकान्यात घड्याळजींनी लिहिलं होतं: दुकानावरचा माळा.

बाई त्या शब्दाकडे बघत राहिल्या. एकतीस वर्षांत त्यांनी किती काने जागेवर बसवले होते, त्याची मोजदाद नव्हती. एकही जाणूनबुजून गाळला नव्हता. टेबलाखाली टिंब्याने त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवली, आणि बाईंनी मन घट्ट करून लिहिलं: दुकानावरचा मळा.

लिहून झाल्यावर त्यांना फार लाज वाटली. मग त्यांनी चहा केला आणि लाज बरीच ओसरली.

दुसऱ्याच दिवशी कारकून जागेच्या पाहणीला आला; बाईही टिंब्याला घेऊन हजर होत्या. लाकडी शिडी चढताना त्याचं डोकं तुळईला आपटलं. वर एक खाट, एक स्टोव्ह, भिंतभर बंद पडलेली घड्याळं आणि खिडकीत कोरफडीची एक कुंडी होती.

"मळा कुठाय?" त्याने विचारलं.

घड्याळजी सरळ माणूस. "अहो साहेब, खरं सांगायचं तर हा..."

"काका, एक मिनिट," कारकुनाने हात वर केला. "कागदावर मळा आहे आणि मी मळा बघायला आलोय. तुम्ही दुसरंच काही दाखवलंत तर मला नवी फाइल उघडावी लागेल. आणि या शिडीवरून मी परत येणार नाही. तर, पीक काय?"

"कोरफड," बाई पटकन म्हणाल्या.

"सिंचन?"

बाईंनी टिंब्याकडे पाहिलं. "त्याची सोय आता होतेच आहे."

कारकुनाने मान डोलावली आणि लिहिलं: 'पीक समाधानकारक. सिंचन श्वानाद्वारे. वर्ग ड करता जागा आदर्श.' ही नोंद पुढे कार्यालयाच्या वार्षिक अहवालात ठळक अक्षरात छापून आली, आणि तिच्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

टिंब्याला घर मिळालं. घड्याळजींनी त्याला उचलून घेतलं तेव्हा बाईंचे डोळे भरून आले. आनंद झालाच होता, पण उद्या सकाळी पावलं थंड पडणार हेही त्यांना ठाऊक होतं. "रोज येत जा ताई," घड्याळजी म्हणाले. "मळ्याकडे लक्ष द्यायला कुणीतरी हवंच."

शेवटी ताबा-पावती राहिली होती. कारकून एकेक रकाना भरत गेला आणि एका ठिकाणी अडला. टिंब्या घड्याळजींच्या हातून निसटून आता त्याच्याच बुटावर ऐसपैस बसला होता.

"बाई, कुत्र्याचा रंग कोणता?" कारकुनाने फाइल चाळत विचारलं. "कुठेच नोंद दिसत नाही."

"अहो, बघा की! तुमच्या बुटावरच बसलाय."

"असं बघून लिहायची पद्धत नाही," कारकून म्हणाला आणि पुन्हा फाइल चाळू लागला.

वाचकहो, त्या बिचाऱ्याला हसू नका. टिंब्याचा नमुना, अर्ज, सारांश, दाखला, अहवाल, सगळे कागद तुम्हीही शेवटपर्यंत आवडीने वाचलेत. तो काळा होता, पांढरा होता की तांबडा, हे आम्ही सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत.