वहिनी, विरजण आहे का?

रिमेकमध्ये खुनी बदलला, म्हणून जुन्या सिनेमातल्या खुन्याला तुरुंगातून सोडलं आणि माझ्या बायकोला न्यायला दोघं जण आले. तसा नियमच आहे.

जुन्या सिनेमात कुमुद शेजारीण होती. वाटी घेऊन यायचं, "वहिनी, विरजण आहे का?" म्हणायचं आणि विरजण घेऊन जायचं, एवढंच तिचं काम. मग वहिनींच्या नवऱ्याला, भाऊसाहेबांना, त्यांचा मेहुणा सुरी खुपसायचा. तो नट बिचारा तेव्हापासून आत होता. नव्या सिनेमात वहिनी विरजण आणायला स्वयंपाकघरात जातात आणि तेवढ्यात शेजारीण भाऊसाहेबांच्या चहात विष टाकते.

रिमेक आम्ही थेटरात जाऊन बघितला. आपली भूमिका वाढवली म्हणून कुमुदनं अंधारात आनंदानं माझा हात धरला होता. मध्यंतरानंतर तिनं तो सोडला.

आलेल्या दोघांपैकी एक शिंत्रे म्हणून तुलना अधिकारी होते. सभ्य माणूस, चपला बाहेर काढून आत आले.

"साहेब, मेहुण्यानं सुरी खुपसलेली अख्ख्या कोल्हापूरनं बघितलीय," मी म्हणालो.

"बघितली असेल. पण त्याआधीच भाऊसाहेब गेलेले होते, असं आता धरायचं."

"मग ओरडले कसे?"

"तेव्हा आवाज नंतर भरायचे, काका." ते कुमुदकडे वळले. "काकू, वाटी रिकामी होती?"

"विरजण मागायला भरलेली वाटी कोण नेतं?"

"नव्यातही रिकामीच आहे," शिंत्रे खेदानं म्हणाले. "जुळतंय."

अपील म्हणजे तिसरा सिनेमा. मी तिथल्या तिथे निर्मात्याला फोन लावला. "काका, लोकांना शेवट फार आवडलाय हो," तो म्हणाला. मी त्याच्या पाया पडलो असतो, पण फोनवर तीही सोय नाही.

कुमुदनं पिशवीत दोन साड्या आणि गुडघ्याचं तेल भरलं. दारात थांबून म्हणाली, "अहो, मी खरंच विरजणच मागितलं होतं."

"मला माहीत नाही का?" मी म्हणालो. पण रिमेक मीही बघितला होता, आणि ते तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. ती खाली मान घालून जिना उतरली. मला माझीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवलं. कुमुद रोज चमचाभर दही मागं ठेवायची, या गडबडीत ते राहिलं होतं. वाटी घेऊन शेजारी चिंचलीकरांकडे गेलो. आमचा पूर्वापार शेजार, दोन्ही घरांत मागायची लाज कधी नव्हती.

दार वहिनींनी उघडलं.

"वहिनी, विरजण आहे का?"

वहिनींनी रिकाम्या वाटीकडे बघितलं, मग आत चहा पीत बसलेल्या नवऱ्याकडे. आणि दार लावून घेतलं.