लिफ्टचं उद्घाटन पोस्टपोन आहे

झालेलं कार्य लोक विसरतात. पोस्टपोन झालेलं कार्य मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतं. शब्दकोशात या शब्दाचा अर्थ 'पुढे ढकलणे' असा दिला आहे. कोशकार बदलापूर पूर्वेत राहत नसावेत. ढकलायला निदान हात लावावा लागतो. पोस्टपोन करायला व्हॉट्सअॅपवर एक ओळ पुरते. 'रद्द' म्हटलं की माणसं भांडायला उठतात. 'पोस्टपोन' म्हटलं की अंगठा पाठवतात आणि चहा ठेवतात.

आमच्या मनोमिलन सोसायटीचा मी सेक्रेटरी. आमची लिफ्ट गेल्या वर्षी पूर्ण झाली, परवानाही आला. फक्त उद्घाटन राहिलं. उल्हासनगर कॅम्प दोनमधून लाल साटिनची फीत आणली (दुकानदाराने 'साईं, पूरा रोल ले जाओ' म्हणत सगळा रोल गळ्यात मारला, तो पुढे कामी आला). तळमजला धरून सहाही दरवाजांवर ती बांधली, कारण अध्यक्ष विष्णुपंत कारखान्यात ऑफिसर होते आणि अर्धवट शिस्त त्यांना खपत नाही.

चौदा महिन्यांत उद्घाटन अकरा वेळा पोस्टपोन झालं. प्रमुख पाहुणे बाहेरगावी: चारदा. आचारसंहिता: तीनदा. पितृपक्ष: एकदा. पाहुणे आले, पण विष्णुपंत आंघोळीला गेले होते: एकदा. उरलेल्या दोन वेळांची कारणं शोधायला समिती नेमली आहे. तिची बैठक पोस्टपोन आहे.

बंद ठेवली तर लिफ्ट बिघडते, असं कंपनीचं म्हणणं. म्हणून रोज सकाळी साडेसातला विष्णुपंत जिने चढून पाचव्या मजल्यावर जायचे आणि बटण दाबून लिफ्ट वर बोलवायचे. मग मी खालून दाबून ती खाली आणायचो. विष्णुपंत जिन्याने उतरायचे.

हा सोहळा पाचव्या मजल्यावरच्या बनूबाई दारातून बघायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याहून जुने. अंबरनाथला शिवमंदिरापाशी त्यांची धाकटी बहीण बेलफुलं विकते. 'येते गं सोमवारी,' असं बनूबाई तिला चौदा महिने फोनवर सांगत होत्या. एकदा मला म्हणाल्या, "सेक्रेटरीसाहेब, मरान मी बी पोस्टपोन केलंय. पन ते किती दिस ऐकल?"

मी रजिस्टरमध्ये 'सूचना नोंदवली' असं लिहिलं.

मागच्या सोमवारी साडेसातला लिफ्ट खाली आली, पण रिकामी नव्हती. आत ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या बनूबाई, हातात भाजीचा विळा. पाचव्या मजल्याची फीत त्यांनी विष्णुपंतांदेखत कापली होती. तळमजल्याची माझ्यादेखत कापली, आतल्या बाजूने. मग विळा माझ्या हातात देऊन त्या रिक्षात बसल्या.

दुपारी तातडीची बैठक झाली. विष्णुपंतांनी निर्णय दिला: पाचव्या मजल्यावरचं उद्घाटन ग्राह्य नाही, कारण प्रमुख पाहुणे पाच मजले चढत नाहीत. तळमजल्याचंही नाही, कारण फीत आतून कापली. रोलमधून नव्या फिती बांधण्यात आल्या.

संध्याकाळी बनूबाई परतल्या त्या बहिणीला घेऊनच. फीत बघितली आणि माझ्यापुढे हात केला. मी विळा दिला. नियमाने द्यायला नको होता. पण मला फार बरं वाटलं. या वेळी फीत बाहेरून कापली गेली. बहिणीने उरलेला बेल लिफ्टवर वाहिला आणि दोघी वर गेल्या.

विष्णुपंत म्हणाले, नारळ फुटला नाही, सबब उद्घाटन पोस्टपोनच समजावं. एवढं बोलून तेही लिफ्टने वर गेले.

आता वाचकहो, तुम्ही हसत असाल तर खुशाल हसा. मग जरा मोबाइल उघडून बघा. 'एकदा निवांत येतो' असं तुम्ही कोणाला तरी लिहिलेलं आहे. समोरून अंगठाही आलेला आहे. कितव्या मजल्यावर राहतात ते? त्यांच्या दाराला तर फीतही बांधलेली नाही.